११,००० पौंडांचा आकडा आणि दारावरचे स्टिकर: ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपला अभिप्राय मी आमच्या विक्रेत्याला शेजारी बसवून शब्दन् शब्द वाचला. आपण तो मराठीत लिहिला आहे, म्हणून उत्तरही मराठीतच देत आहे. डॅलस परिसरातील जी मराठी कुटुंबे ट्रेलर घेऊन कोलोरॅडोला जाण्याचा बेत करीत असतील, त्यांनाही हा हिशेब उपयोगी पडावा.

आपले म्हणणे थोडक्यात असे. आमच्याकडून घेतलेला हाफ-टन वर्गातला (पिकअपमधला हलका वर्ग) वापरलेला पिकअप ११,००० पौंड ओढेल असे आम्ही सांगितले. प्रत्यक्षात भरलेला ७,२०० पौंडांचा ट्रेलर जोडून निघाल्यावर गाडी मागे बसली, अमारिलोच्या अलीकडे आडव्या वाऱ्यात ट्रेलर डुलू लागला आणि आपल्याला घरच्यांसह अर्ध्या वाटेतून परतावे लागले. मायलेज गॅलनला २४ मैल सांगितले होते, ते ९ मिळाले. शिवाय आपल्या मित्राने सुचवलेला टोयोटाचा टुंड्रा किंवा शेव्हरोलेचा डिझेल सिल्व्हराडो हा पर्याय आम्ही आपल्यासमोर ठेवलाच नाही.

यातली पहिली तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि तिची जबाबदारी आमची आहे. आपल्या ट्रकच्या कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण चूक गाडीची नसून आमच्या सांगण्याची होती. आम्ही आपल्याला ब्रोशरमधला आकडा सांगितला. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवरचा आकडा दाखवला नाही. प्रवासी आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, म्हणजेच त्या विशिष्ट गाडीचे पेलोड किती, हे त्या स्टिकरवर लिहिलेले असते, आणि आपल्या ट्रकवर तो आकडा १,३९० पौंड आहे.

ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. साधारण १० ते १५ टक्के भार हिचमधून, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या सांध्यातून, ट्रकवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो पेलोडमध्येच मोजावा लागतो. ७,२०० पौंडांचे साडेबारा टक्के म्हणजे ९०० पौंड. आपण कळवल्याप्रमाणे कुटुंबातील पाच जणांचे वजन ६२० पौंड, वेट-डिस्ट्रिब्युशन हिच (टंगचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी) सुमारे १०० आणि मागच्या हौद्यातील जनरेटर व इतर सामान १५०. बेरीज १,७७० होते, म्हणजे मर्यादेपेक्षा ३८० पौंड जास्त. उलट बाजूने मोजले तर माणसे, हिच आणि सामान वजा जाता टंगसाठी ५२० पौंड उरतात, आणि तेवढ्यात जेमतेम ४,१६० पौंडांचा ट्रेलर बसतो. ११,००० चा आकडा ऐकून घर सोडलेल्या माणसाला हे कळले तर राग येणारच, आणि तो रास्त आहे.

मग ११,००० हा आकडा खोटा आहे का? नाही. हे आकडे एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकानुसार काढले जातात. त्यात ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या ११ मैलांहून लांब चढाचा कस धरलेला आहे: कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, या वर्गाच्या ट्रकला ताशी ४० मैलांच्या खाली न येता तो चढावा लागतो. परीक्षा कठीण आहे, पण तिच्यात गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे गृहीत धरलेली असतात. पाच माणसांच्या कुटुंबाचा प्रश्न ती सोडवत नाही. त्यात आपला ट्रक वरच्या ट्रिमचा, म्हणजे अधिक सोयींच्या आवृत्तीचा, आहे. काचेचे छत, फोर-व्हील ड्राइव्ह, विजेवर सरकणारी पायरी ही प्रत्येक सोय पेलोडमधून वजा होते. त्याच मॉडेलच्या साध्या ट्रिममध्ये कित्येकदा काहीशे पौंड अधिक मिळतात, आणि हेही आम्ही तेव्हा सांगायला हवे होते.

डुलण्याचे कारणही यातच आहे. मागचा ॲक्सल दबला की पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. त्यात आरामासाठी बनवलेल्या टायरच्या बाजू मऊ असतात. उत्तर टेक्सासच्या सपाट माळावर आठ फूट रुंद ट्रेलरला आडवा वारा लागला की या सगळ्याचा परिणाम एकदम जाणवतो. आपण पुढे रॅटन पास या घाटाच्या ७,८३४ फुटांपर्यंत न जाता परत फिरलात, हा निर्णय अत्यंत योग्य होता, असे मला मनापासून वाटते.

मायलेजच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. २४ हा हायवेचा आकडा गाडी ट्रेलरशिवाय चालवून काढलेला असतो, आणि एवढा उंच ट्रेलर मागे असताना कोणताही पेट्रोल हाफ-टन ८ ते १० च्या आसपासच उतरतो. येथे वजनापेक्षा हवेचा विरोध अधिक पेट्रोल खातो आणि तो वेगाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ६५ ऐवजी ७५ मैलांनी गेल्यास विरोध सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादाही ६५ च असते. २६ गॅलनच्या टाकीत ९ च्या हिशेबाने २३४ मैल होतात, तेव्हा १८० मैलांच्या आत पंप गाठावा. एवढे आम्ही आधी बोललो असतो तर आपली निराशा टळली असती, हे मान्य आहे.

आता इतर ट्रकांविषयी. ३.० लिटर डिझेलचा सिल्व्हराडो रिकामा असताना हायवेवर खरोखर काटकसरी आहे, आणि नव्या आवृत्तीचा ४९५ पौंड-फूट टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) चढावर फार कामाला येतो. रोज केवळ शाळा-ऑफिसच्या छोट्या फेऱ्या असतील तर मात्र डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारे द्रव) भरणे आणि डिझेलचा भाव पाहता ती बचत पुष्कळशी आटते. २०२२ पासूनच्या टुंड्राची कमाल ओढशक्ती १२,००० पौंड आहे. रॅम १५०० प्रमाणेच तिच्या मागे आता कॉइल स्प्रिंग असतात, कमानपाटे (लीफ स्प्रिंग) नव्हेत. रॅम रोजच्या वापराला या वर्गात मला सर्वांत सुखद वाटते. फोर्डच्या एफ-१५० च्या हायब्रिडमधून शिबिराच्या ठिकाणी घरगुती उपकरणांना वीज मिळते, म्हणजे जनरेटर घरी ठेवता येतो. परंतु पाच माणसे आणि ७,२०० पौंड या आपल्या गरजेला यांपैकी कोणत्याही ट्रकची वरची ट्रिम स्टिकर वाचल्याशिवाय मी सुचवणार नाही. आपल्या मित्राने सुचवलेल्या दोन्ही गाड्यांतही बहुधा हीच अडचण आली असती.

आपल्यासाठी योग्य गाडी म्हणजे थ्री-क्वार्टर-टन (हाफ-टनच्या वरच्या, अधिक भार पेलणाऱ्या वर्गातली), आणि तीही पेट्रोल इंजिनाची. कारण त्या वर्गात डिझेल इंजिनाचे वजनच पेलोडचा मोठा वाटा घेते. तिचे तोटेही आत्ताच सांगतो. रिकामी असताना ती खड्ड्यांवर आदळते, शहरात पेट्रोल अधिक पिते, आणि माणसे-सामानासह कमाल वजन ८,५०० पौंडांवर असलेल्या या गाड्यांना ईपीएचे (सरकारी पर्यावरण संस्थेचे) मायलेज-लेबल लावणे बंधनकारक नसल्याने तुलनेसाठी अधिकृत आकडाही मिळत नाही. लांबी हाफ-टनपेक्षा थोडी अधिक असते, तेव्हा गॅरेजचे माप टेपने घेऊनच यावे.

आपण ट्रक परत आणल्यास भरलेली पूर्ण किंमत धरून आम्ही बदली गाडी देऊ. बदली नको असेल तर तीच रक्कम परत करू, आणि चाललेल्या मैलांची वजावट करणार नाही. हाच ट्रक ठेवून लहान ट्रेलर घेण्याचा विचार असेल, तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर प्रत्येक ॲक्सलचे वजन करून हिच नीट बसवून देण्याचा खर्च आमचा. गेल्या सोमवारपासून आमच्या आवारातील प्रत्येक पिकअपच्या काचेवर पेलोडचा आकडा ओढशक्तीच्या वर आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, आणि ट्रेलरविषयी विचारणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला कुटुंबात किती माणसे, हा प्रश्न आधी विचारला जातो.

येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी स्वतः दुकानात असेन. येताना ट्रेलर नेहमीसारखा भरून आणावा, पाण्याची टाकीही भरलेली असावी. वजन करून मगच पुढचे ठरवू.

आपला,
दुकानाचा मालक