पामची पानं पिवळी पडली की एप्सम सॉल्ट? जरा थांबा

‘घरातल्या पामची पानं पिवळी पडली की कुंडीत चमचाभर एप्सम सॉल्ट टाका’ हा सल्ला सध्या फिरतोय. तो सरसकट खरा नाही. हे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट; मॅग्नेशियम कमी असेल तरच उपयोगी. तेव्हा जुन्या पानांच्या कडा पिवळ्याधमक होतात, मध्यभाग हिरवा राहतो. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके असतील तर कमतरता पोटॅशियमची, आणि तिथे हे मीठ दुखणं वाढवतं. कोवळं पानच फिकट आलं? आधी मातीत बोट खुपसा. चिखल लागला तर मुळं गुदमरलीत. खत राहू द्या, पाणी थांबवा. नुसते शेंडे करपले असतील तर बहुधा क्षार साठलेत किंवा हवा कोरडी आहे. आणि हो, अर्धवट पिवळं पान लगेच कापू नका. झाड त्यातलं पोटॅशियम काढून नव्या पानाला देत असतं.