पर्ल हार्बर : ‘रूझवेल्टना सगळं ठाऊक होतं’ हा दावा का टिकत नाही

डिसेंबर उजाडला की हा दावा हमखास फिरू लागतो : हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने ७ डिसेंबर १९४१ ला केलेल्या हल्ल्याची तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आधीच खबर होती; अमेरिकेला युद्धात उतरवायचं म्हणून त्यांनी तो होऊ दिला आणि विमानवाहू नौका तेवढ्या आधी बाहेर काढल्या.

आधी या नौकांचंच पाहू. ‘एंटरप्राइझ’ २८ नोव्हेंबर १९४१ ला वेक बेटावर १२ लढाऊ विमानं पोचवायला निघाली. ती ६ डिसेंबरला परतायची होती; समुद्र खवळल्यामुळे रखडली. वेळेवर आली असती तर ७ तारखेला सकाळी ती बंदरातच सापडली असती. ‘लेक्सिंग्टन’ मिडवेकडे विमानं घेऊन गेली होती, ‘साराटोगा’ सॅन दिएगोत होती.

‘जपानची सांकेतिक लिपी फुटली होती.’ फुटली होती ती राजनैतिक संदेशांची, ‘पर्पल’ नावाची. तिच्यातल्या संदेशांत पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा उल्लेखच नव्हता. जपानी नौदलाची जेएन-२५ ही लिपी तेव्हा जेमतेम उलगडत होती, आणि सहा विमानवाहू नौकांचा जपानी ताफा रेडिओ बंद ठेवून आला. मात्र बंदराचे पाच भाग पाडून कुठलं जहाज कुठे आहे ते कळवा, असा टोकियोचा सप्टेंबरमधला हुकूम ऑक्टोबरमध्ये उलगडला होता. तो पर्ल हार्बरमधल्या ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल किमेल यांना कळवला नाही, ही चूक अक्षम्यच.

‘तळाला पूर्ण अंधारात ठेवलं’ हेही खरं नाही. वॉशिंग्टनहून आलेल्या २७ नोव्हेंबरच्या तारेत ‘युद्धाचा इशारा’ असे स्पष्ट शब्द होते. पण संभाव्य लक्ष्यं म्हणून फिलिपिन्स, थायलंड, बोर्निओ अशी नावं होती. हवाईतले लष्करप्रमुख जनरल शॉर्ट यांना घातपाताची भीती जास्त, म्हणून पहाऱ्याला सोपं जावं यासाठी विमानं पंखाला पंख लावून उभी केली. एक पेटलं की शेजारचं पेटे.

बंदराची खोली सुमारे १२ मीटर. विमानातून सोडलेला टॉर्पेडो (पाण्याखालून जहाजावर आदळणारा स्फोटक पाणतीर) आधी खोल जातो, मग वर येतो. इथे तो चिखलात रुतेल, हा समज. शिवाय अरुंद बंदरात टॉर्पेडो अडवणाऱ्या जाळ्यांनी जहाजांची वाट अडली असती, म्हणून त्या लावल्याच नाहीत. जपान्यांनी टॉर्पेडोच्या शेपटीला लाकडी पंख बसवून ही अडचण सोडवली. वर्षभर आधी ब्रिटिशांनी टारांटोच्या उथळ बंदरात इटलीच्या तीन युद्धनौका अशाच निकामी केल्या होत्या. इतका ताजा दाखला डोळ्यांसमोर असताना हे घडलं!

त्या सकाळी पावणेसातच्या सुमारास ‘वॉर्ड’ या अमेरिकी विनाशिकेने छोटी जपानी पाणबुडी बुडवली. वरिष्ठ खातरजमा करत बसले. ७:०२ ला हवाईतल्याच ओपाना इथल्या रडारवर सुमारे २१० किलोमीटरवर विमानांचा मोठा थवा दिसला. कॅलिफोर्नियाहून यायची आपलीच बी-१७ बॉम्बफेकी विमानं असतील म्हणून सोडून दिला. ७:५५ ला बॉम्ब पडू लागले. २,४०३ माणसं गेली, त्यांतली १,१७७ एकट्या ‘ॲरिझोना’वरची.

युद्धाला निमित्तच हवं होतं, तर विमानं हवेत आणि तोफा सज्ज ठेवूनही ते मिळालं असतं. परतवलेला हल्लासुद्धा हल्लाच. रूझवेल्टना खरी चिंता होती जर्मनीची. ८ डिसेंबरला अमेरिकेने युद्ध पुकारलं ते फक्त जपानविरुद्ध. जर्मनीशी युद्ध सुरू झालं ते ११ तारखेला हिटलरने स्वतःहून पुकारलं म्हणून, आणि तो तसं करील याची वॉशिंग्टनला हमी नव्हती.