सिरुल सुटला, पण निर्दोष ठरलेला नाही

‘मलेशियात फाशी सुनावलेला माजी पोलीस सिरुल अझहर उमर ऑस्ट्रेलियातून निर्दोष सुटला, बड्यांनी त्याचा बळी दिला होता,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात खरे आणि खोटे असे मिसळले आहे की एकेक धागा वेगळा करावा लागतो.

पहिला धागा सुटकेचा. नोव्हेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्याला नजीकच्या काळात परत पाठवता येणार नाही, अशा परदेशी माणसाला बेमुदत डांबून ठेवता येत नाही. मूळ खटला दुसऱ्याच कोणाचा होता. त्या निकालामुळे जे बाहेर आले, त्यांत 2015 पासून स्थानबद्ध असलेला सिरुलही होता. ज्या खुनासाठी त्याला फाशी सुनावली, तो त्याने केला की नाही, हा प्रश्न त्या न्यायालयासमोर आलाच नव्हता.

‘मग ऑस्ट्रेलियाने त्याला मलेशियाच्या हवाली का केले नाही?’ कारण फाशी होण्याची शक्यता असेल, तर ती दिली जाणार नाही अशी हमी मिळाल्याशिवाय आरोपी सोपवायचा नाही, असा तिथला कायदा आहे. तो सगळ्यांना सारखाच लागू होतो.

आता मूळ गुन्हा. ऑक्टोबर 2006 मध्ये 28 वर्षांच्या मंगोलियन अल्तानतुया शारीबू हिला मलेशियातल्या शाह आलम शहराजवळच्या जंगलात गोळ्या घालून मारले आणि मृतदेह स्फोटकांनी उडवला. सिरुल आणि त्याचा वरिष्ठ अझिला हद्री हे मलेशियाचे तत्कालीन उपपंतप्रधान नजीब रझाक यांच्या सुरक्षा पथकातले. 2009 मध्ये दोघांना फाशी सुनावली, 2013 मध्ये अपील न्यायालयाने सोडले, जानेवारी 2015 मध्ये मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. तोवर सिरुल ऑस्ट्रेलियात पोहोचला होता. ‘निर्दोष’ म्हणणारे 2013 वर येऊन थांबतात, पुढचे पान उलटतच नाहीत. तिचे दागिने सिरुलच्या घरी त्याच्या जॅकेटात सापडले होते, हेही त्यांनी सांगायला हवे.

मलेशियाने 2023 मध्ये सक्तीची फाशी रद्द केली, त्याचाही असाच विपर्यास होतो. फाशी कायद्यात आजही आहे, फक्त न्यायाधीशाला पर्याय मिळाला. त्याचा लाभ अझिलाला झाला: ऑक्टोबर 2024 मध्ये त्याची फाशी 40 वर्षांच्या कैदेत आणि वेताच्या 12 फटक्यांत बदलली. दोषी तो आजही आहेच. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, म्हणून हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. पण शिक्षा सौम्य झाल्याने गुन्हा पुसला जात नाही.

राहिला बळीचा बकरा. आपला बळी दिला जातोय, असे सिरुलने 2009 मध्ये न्यायालयातही सांगितले होते. या दाव्यात तथ्याचा अंश आहे, कारण खुनामागचा हेतू खटल्यात उलगडलाच नाही. अझिलाने 2019 मध्ये प्रतिज्ञापत्रावर खुनाचा हुकूम देणारे म्हणून नजीब यांचे नाव घेतले. नजीब यांनी ते साफ नाकारले आणि अझिलाचा फेरविचार अर्ज 2020 मध्ये फेटाळला गेला. हुकूम कोणी दिला, याचा तपास व्हायलाच हवा. असा हुकूम सिद्ध झाला तर आरोपींची संख्या वाढेल. गोळ्या झाडणाऱ्यांची नावे त्या यादीतून गळणार नाहीत.