वेसाव्याची मोकळी जागा मोकळी नाही

मुंबईतल्या वर्सोव्याबद्दलचा एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या नात्यातल्याच तिघांनी तो मला पाठवला, म्हणून लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा: साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथे नुसती दलदल होती. शहर वाढलं तसे मच्छीमार पोटासाठी किनाऱ्यावर आले आणि झोपड्या टाकून राहिले. आता मासेमारी संपली, तरी समुद्रालगतची मोकळी जमीन त्यांनी अडवून ठेवली आहे. त्यांना टॉवरमध्ये घरं द्यावीत, त्यांचंही भलं होईल आणि उपनगराचंही.

मी वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याच्याच कोळीवाड्यातली. माझ्या आजीने चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात म्हावरं विकलं. तेव्हा एकेक वाक्य घेऊन बोलते.

'इथे दलदल होती.' होती, पण कुठे? आज जिथे लोखंडवाला कॉम्प्लेक्स उभं आहे, तिथे तिवरांचं खाजण होतं. ते भरून इमारती उठल्या त्या 1980च्या दशकात. गाव त्या खाजणात नव्हतं, खाडीच्या मुखाशी होतं. समोर मढच्या टोकावर पोर्तुगीजांनी किल्ला बांधला तो याच मुखावर नजर ठेवायला, कारण इथून गलबतं ये-जा करत. 1739 साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला घेतला, आणि 1774च्या अखेरीस साष्टीबरोबर, म्हणजे आजची उपनगरं ज्यावर आहेत त्या बेटाबरोबर, तो इंग्रजांकडे गेला. साष्टी या नावाची पारंपरिक फोडच मुळी सहासष्ट गावं अशी सांगतात. खाडीपलीकडे एरंगळचं सेंट बोनाव्हेंचर चर्च 1575 सालचं आहे. जानेवारीतल्या तिथल्या सणाला आजही होड्या भरून माणसं जातात. मढ, भाटी, एरंगळ, मनोरी, गोराई, आणि दक्षिणेला जुहू, खारदांडा, चिंबई: या किनाऱ्यावर गावाला गाव लागून होतं, काही हिंदू कोळ्यांची, काही ख्रिस्ती कोळ्यांची, काही दोघांची. पश्चिम उपनगराचा किनारा या गावांचाच बनलेला आहे. महापालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत आली 1950 साली. म्हणजे शहर आमच्याकडे आलं. आम्ही शहराकडे गेलो नाही.

नावाचंच बघा. आम्ही वेसावे किंवा वेसावा म्हणतो. वर्सोवा हे परक्यांच्या जिभेवरचं रूप. 2014 साली मेट्रो सुरू झाली तेव्हा वर्सोवा हे नाव ज्या स्थानकाला मिळालं, ते कोळीवाड्यापासून बरंच लांब आहे. नव्या माणसाला त्या स्थानकाभोवतीचा भागच वर्सोवा वाटतो आणि मूळ गाव त्याची मागची वस्ती वाटते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

'झोपड्या टाकून राहिले.' वर जे सांगितलं त्यात याचं अर्धं उत्तर आलंच. उरलेलं सरकारी कागदात आहे. किनाऱ्यावरच्या बांधकामांना बंधनं घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2011च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद होती. 1981च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या इतर नोंदींत जे कोळीवाडे आहेत, त्यांचे नकाशे करावेत आणि त्यांना तिसऱ्या वर्गाचं, म्हणजे एरवी गावांच्या किनाऱ्याला लागू होणारं क्षेत्र म्हणून जाहीर करावं, असं तिच्यात म्हटलं होतं. गल्ल्या अरुंद आहेत, घरं एकमेकांना टेकलेली आहेत, हे खरं. पण दाटी दिसली की झोपडपट्टी म्हणायचं, हे चूक आहे.

'मासेमारी संपली.' असं म्हणणारे बहुतेक जण जून-जुलैत फिरायला येतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते. तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, म्हणून बंदर झोपल्यासारखं दिसतं. नारळी पौर्णिमेनंतर पहाटे येऊन बघा. मासळी घटली आहे, हे मात्र मी नाकारत नाही. पण कशाने? आमच्या खाडीत ओशिवरा नदीचं पाणी येतं, उपनगराचं सांडपाणी येतं, प्लास्टिक येतं. जाळं ओढलं की म्हावऱ्याआधी पिशव्या हाती लागतात. ज्या वस्तीची घाण खाडीत उतरते, तिनेच 'आता मासे नाहीत, तुम्ही उठा' म्हणावं, हे मला सहन होत नाही. धंदा जिवंत असल्याची खूण शहराच्याच एका प्रकल्पात सापडते. वरळीला किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर धरलं होतं. वाऱ्या-लाटांत त्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असं वरळीचे कोळी सांगत राहिले. अखेर 2023 साली 120 मीटर मान्य झालं.

आता मुख्य मुद्दा, 'मोकळी जमीन'. ज्यांना ती मोकळी दिसते त्यांनी ती ऑक्टोबरनंतर पाहिलेली नाही. बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्याला मीठ लावत नाहीत, तो नुसत्या उन्हा-वाऱ्यावर सुकतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या चौकटीवर, ताणलेल्या दोरीवर ती जोडी टाकायची. हे काम बायका करतात, आणि बोटं इतकी सरावलेली असतात की बोलता बोलता दोरी भरते. मग तीन-चार दिवस कडक ऊन आणि समुद्राकडून थेट येणारा वारा हवा. मध्ये एक उंच भिंत उभी राहिली की वारा अडतो, सावली पडते, माल कुजतो. जवळा तर जमिनीवरच पसरावा लागतो. डोलीचं जाळं, म्हणजे समुद्रात रोवलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ जोराची, तेव्हा माल जास्त. म्हणून चार दिवस सगळं मैदान भरलेलं आणि भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत रिकामं, असं दिसतं. त्या रिकाम्या दिवसांत तिथेच जाळी पसरून सांधतात. पावसाळ्यात त्याच जागेवर होड्या चढवतात. एकाच जमिनीचे तीन उपयोग, समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे. सातबाऱ्यावर किंवा नकाशावर यातलं काही दिसत नाही.

'टॉवरमध्ये घरं द्या.' चांगलं घर, पाणी, नीट गटार कोणाला नको? आम्हालाही हवंच. पण चौदाव्या मजल्यावर जाळं कुठे पसरायचं? उरलेला माल बाईने कुठे सुकवायचा? नाखव्याला, म्हणजे होडीवाल्याला, पहाटे दोनला वारा बदललेला कळायचा तो दारातून. आमच्याकडे घर आणि धंदा एकाच उंबरठ्याचे दोन भाग आहेत. पुनर्विकासाच्या चौरस फुटांच्या हिशेबात फक्त घर मोजलं जातं.

म्हणून हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. कोळीवाड्याच्या सीमांकनाची चर्चा निघेल तेव्हा नुसती घरं आखली आहेत का, की वलांडीची जागा, जाळी सांधायची जागा आणि होड्या चढवायची वाटही त्या रेषेच्या आत घेतली आहे, एवढं विचारा.