खुलासा : रोशा गवत काटक आहे, पण त्याचं रोप नाही

रोशा म्हणजे सुगंधी तेलासाठी लावतात ते गवत. 'रोशा काटक गवत आहे, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रोपं थेट वावरात लावा, पाणी लागत नाही' असा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, पुढचं नुकसान करणारं.

रोशा पाण्याचा ताण सोसतो तो मुळं खोल गेल्यावर. पाच आठवड्यांचं रोप उपटून बघा, धाग्यासारखी मुळं वरच्या चार बोटं मातीतच असतात. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा तेवढीच माती आधी कोरडी पडते. रोप करपतं, आणि दोष बियाण्याला लागतो.

अखाजीनंतर रोप टाकायचं ते वाफ्यावर. एकराला साधारण १ किलो बी पुरतं. ते हलकं, कुसाळ (बारीक कुसं असलेलं) असतं, म्हणून दसपट बारीक वाळूत मिसळून ओळीत पेरा. वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थरच द्या. खोल गेलेलं बी उगवत नाही. पाणी झारीनं, दुपारची सावली हवीच. शेवटच्या आठवड्यात सावली काढा, पाणी कमी करा.

पाऊस धरला, ओल वीतभर गेली, की रोपं वावरात ६० बाय ३० सेंटिमीटरवर लावा. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवा, शेंडे तिसरा हिस्सा छाटा. काळ्या जमिनीत वरंब्यावरच लावा, गड्डा (मुळांच्या वरचा बुंधा) मातीत गाडू नका, कुजतो. पावसानं ओढ दिली तर पहिले तीन आठवडे पाणी द्यावंच लागतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.