गिअरसकट पंचाण्णव

आज सकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या, जेमतेम दुसरीतल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि आईला विचारलं, ‘‘हेच का ते पंचाण्णववाले काका?’’ आईने डोळे वटारले, पण माझ्याकडे बघून नाही म्हणाली नाही. म्हणजे विषय घरात झालेला होता.

म्हणून एकदाच स्पष्ट सांगतो. पंचाण्णव हा आकडा गिअरसकट आहे. आर्मरचं जॅकेट, गुडघ्यांचे गार्ड, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज असं सगळं मिळून नऊ किलो. उरलेले शहाऐंशी माझे, ते मी कधीच नाकारलेले नाहीत.

झालं असं, की माझ्याकडे सेकंड हँड हिमालयन आहे, रॉयल एनफिल्डची ४११ सीसीवाली बाइक. खडीच्या रस्त्यावर मागचा शॉक, म्हणजे स्प्रिंगवाला शॉक अॅब्सॉर्बर, तळाला जाऊन ठक्कन आपटायचा, म्हणून रविवारी सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते, मोजायचा ठरवला. काम सोपं आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, की मागचं चाक अधांतरी लटकतं. चाकाच्या एक्सलपासून वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. मग गाडी खाली उतरवून, पूर्ण गिअर चढवून वर बसायचं आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. या गाडीच्या मागच्या चाकाची चाल १८० मिलिमीटर, आणि सॅग चालीच्या साधारण एक तृतीयांश असावा, म्हणजे साठच्या आसपास. जास्त असेल तर सी-स्पॅनर नावाच्या पान्याने शॉकवरची, स्प्रिंग दाबून धरणारी रिंग आवळायची. अडचण एकच. वर बसलेल्या माणसाला खाली वाकून मोजता येत नाही. टेप धरायला एक माणूस लागतो.

बायको म्हणाली, ‘‘पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर हेल्मेट घालून बसणाऱ्या माणसाला मी ओळखत नाही.’’

वॉचमनला हाक मारणार, एवढ्यात फोरमन काका आले. हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. एमआयडीसीने वसवलेली पहिली वसाहत वागळे इस्टेट, आणि काकांचा एकूण सूर असा, की ती त्यांना विचारूनच वसवली.

‘‘काय चाललंय?’’

‘‘काही नाही काका, सॅग मोजतोय. जरा टेप धरता का?’’

काकांनी टेप हातात घेतला, ताणून पाहिला आणि परत दिला. ‘‘ह्याने ब्लाउज मोजतात. थांब.’’

ते वर गेले. मी गिअर घालून थांबलो. ऑक्टोबरातल्या ठाण्यात बंद जॅकेटमध्ये थांबणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. काका परत आले तेव्हा हातात मखमली अस्तराची पेटी होती, पेटीत व्हर्निअर, खिशात खडू, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

‘‘काका, अंतर साठ सेंटिमीटर आहे. हा व्हर्निअर तीसचा दिसतोय.’’

‘‘मग दोनदा मोजू. लोड किती?’’

‘‘कसला लोड?’’

‘‘तुझा.’’

‘‘पंच्याऐंशीच्या आसपास असेन.’’

‘‘आसपास हा आकडा नसतो. लोड माहीत नाही आणि स्प्रिंग सेट करायला निघालायस?’’

मी सांगायचा प्रयत्न केला, की सॅग मोजायला वजन कळावं लागत नाही, तीच तर त्यातली मजा आहे. माणूस बसला की गाडी किती दबते तेवढं बघायचं. पण तोवर काकांनी गेटमधून आत येणाऱ्या रद्दीवाल्याला थांबवलं होतं. रद्दीवाल्याकडे आकड्याचा ताणकाटा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि अत्यंत व्यवहारी आवाजात म्हणाला, ‘‘पचास का काटा है साब. दो बार में हो जायेगा क्या?’’

त्या साठ सेंटिमीटरनंतर दोन हप्त्यांत मोजली जाणारी दुसरी वस्तू मी.

शेवटी गिअर उतरवून तेवढाच काट्याला लावला. नऊ किलो भरला. खरं तर इथे थांबायला हवं होतं, पण रद्दीवाल्याने सवयीने हेल्मेट उलटंपालटं करून वाजवलं आणि हे प्लास्टिकच्या भावात जाईल असं सांगितलं. बूट तो घेत नाही. मला का कोण जाणे, बुटांबद्दल जास्त वाईट वाटलं.

हा गोंधळ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून ऐकला आणि भाजीवाल्यासाठी सोडतात त्या दोरीच्या पिशवीतून बाथरूममधला वजनकाटा खाली सोडला. मला पुन्हा गिअर घालायला लावला, कारण काकांच्या मते ‘‘वर्किंग कंडिशनमध्येच टेस्ट करायची असते.’’ मी काट्यावर चढलो. हेल्मेटमुळे आणि, बरं, पोटामुळे मला आकडा दिसत नव्हता. काका वाकले, चष्मा लावला.

‘‘किती आलं हो?’’ वरून काकू.

‘‘पंचाण्णव!’’ काकांनी कारखान्यातल्या प्रेसच्या आवाजावर मात करायला कमावलेल्या गळ्यात सांगितलं. तीन विंगची सोसायटी आहे आमची. सी विंगमधून कुणीतरी ‘‘अगं बाई’’ म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं.

मग काकांनी पार्किंगच्या खांबावर खडूने लिहिलं : लोड ९५. गिअरचे नऊ त्यात धरलेत हे लिहा, म्हटलं, तर म्हणाले, ‘‘स्प्रिंगला काय फरक पडतो?’’ स्प्रिंगला पडत नाही हो. मला पडतो.

एकदाचा सॅग मोजला. ७८ मिलिमीटर. मी सी-स्पॅनरने रिंग आवळत गेलो, काका मोजत गेले, वॉचमन गाडी सरळ धरून उभा. रिंग जवळजवळ शेवटच्या आट्यांवर आली तेव्हा ६० मिळाले. काकांनी सीटवर तळहात दाबला आणि समाधानाने म्हणाले, ‘‘आता कशी कडक झाली स्प्रिंग!’’

इथे मी गप्प बसायला हवं होतं म्हणतात लोक. का बसू? प्रीलोड वाढवल्याने, म्हणजे रिंग आवळून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवल्याने, ती कडक होत नाही. एका मिलिमीटरला जेवढा जोर लागायचा तेवढाच लागतो, फक्त गाडी वर उचलून बसते. हे मी शांतपणे सांगितलं. काका म्हणाले, ‘‘तीस वर्षं प्रेस शॉपला होतो. मला स्प्रिंग शिकवतोस?’’ जमलेल्या सात-आठ जणांनी तीस वर्षांच्या बाजूने माना हलवल्या. एकालाही शॉक कुठे असतो ते दाखवता आलं नसतं.

एक मोजमाप उरलं होतं. माणूस न बसता गाडी आपल्याच वजनाने किती दबते? ती वीसेक मिलिमीटर तरी दबायला हवी. आमची दबली पाच. याचा अर्थ जगभर एकच काढतात : बसल्यावरचा सॅग बरोबर आणि रिकाम्या गाडीचा फारच कमी, म्हणजे स्प्रिंग चालवणाऱ्याच्या मानाने नरम आहे.

‘‘म्हणजे स्प्रिंग नरम,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे माणूस जड,’’ काका म्हणाले.

‘‘काका, दोन्ही एकच.’’

‘‘एकच कसं? स्प्रिंग फॅक्टरीतून आलीय. तिचं ड्रॉइंग असतं, टॉलरन्स असतो. तुझं ड्रॉइंग दाखव.’’

हे वाक्य खांबाच्या फोटोखाली सोसायटीच्या ग्रुपवर पडलं. पाण्याचा टँकर उशिरा येणार या सूचनेला चार अंगठे मिळतात. याला एकेचाळीस. सेक्रेटरींनी खाली लिहिलं, की पार्किंगमध्ये यांत्रिक कामे करू नयेत. आणि त्याखाली स्वतःच हसण्याचं चिन्हही टाकलं.

लोक विचारतात, ठाण्यात ही गाडी लागते कशाला? हा प्रश्न घोडबंदर रोडवर राहणारा माणूस विचारतो तेव्हा मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटते. कापूरबावडी ते गायमुख मेट्रोचे खांब, खांबांच्या बुडाशी उरलेला रस्ता, पावसात डांबर सुटून वर आलेली खडी, खडी झाकायला बसवलेले पेव्हर ब्लॉक, मग ते ब्लॉक झाकायला पुन्हा खडी. त्यावरून जेएनपीटीचे कंटेनर गुजरातकडे निघालेले. खडीवर चालवायचे नियम मला पाठ आहेत : फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहावं, गुडघ्यांनी टाकी धरावी, हँडल सैल सोडावं, पुढचं २१ इंची चाक थोडं भरकटलं तर भरकटू द्यावं आणि नजर लांब ठेवावी. गायमुखाला नजर लांब टाकली की पुढच्या कंटेनरचा मागचा दरवाजा दिसतो. एकदा मी खरोखरच पेगवर उभा राहिलो तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, ‘‘साहेब, पुढे काय अडकलंय ते दिसतंय का?’’ मागच्या दोघांनीही मग मलाच विचारलं. दहा मिनिटं मी घाटाचा टेहळणी बुरूज होतो.

टायरच्या हवेचंही तेच. मॅन्युअलात पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा कमी हवा सांगितलेली असते, खडीवर तर आणखी थोडी उतरवतात. फार नाही, कारण आरे असलेल्या या चाकांत ट्यूब असते, ती रिमखाली चिमटली की संपलं. पण पंपावरच्या पोराला पुढे कमी सांगितलं तर तो म्हणतो, ‘‘लीक आहे का?’’ आणि दोन्हीकडे पस्तीस मारतो. प्रेमाने.

आणि चांगला रस्ता नाही असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, जवळपास २२ किलोमीटर, गुळगुळीत. त्यावर दुचाकीला मनाई. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही मनाई. रोड टॅक्स मात्र गाडी घेतानाच आयुष्यभराचा एकदम भरून घेतात. ज्या रस्त्यांवर शॉक तळाला जातो त्याच रस्त्यांसाठी तो टॅक्स असावा बहुतेक. चिडू नको म्हणतात. मी चिडलेला नाही, मी फक्त ७८ चे ६० करतोय.

नवीन सेटिंगवर बदलापूरपुढे बारवी धरणाच्या बाजूला जाऊन आलो. कच्च्या रस्त्यावर गाडी सुरेख गेली. ठक्क नाही, वळणात मागचा भाग बसत नाही, उभं राहिलो तरी कुणी पुढचं ट्रॅफिक विचारलं नाही. फक्त मागून उंची वाढल्याने माझ्यासारख्या पाच फूट पाच इंची माणसाचे सिग्नलला जेमतेम चवडे टेकतात, आणि साइड स्टँडवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते. ती शेजारच्या वॅगन आरकडे झुकते. वॅगन आर सेक्रेटरींची आहे. त्याचीही सूचना आलेली आहे.

परवा काका जिन्यात भेटले. राइड कशी झाली विचारलं. चांगली झाली म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मी कडक करून दिली म्हणून.’’ मग जवळ येऊन, पहिल्यांदाच हळू आवाजात : ‘‘हे बघ, जाड स्प्रिंग टाकायची तर काही हजारांचा खर्च आहे. त्यापेक्षा दहा किलो उतरव. फुकट आहे.’’

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी रात्री जाड स्प्रिंग ऑर्डर केली. पत्ता ऑफिसचा दिलाय.