रॅगेडी ॲनचे हसू आणि तिचे टाके : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

रॅगेडी ॲन ही माझी लहानपणची कापडी बाहुली आणि तिच्या गोष्टींचे पुस्तक यांच्याकडून मी काय शिकले, या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कितीही आपटली, भिजवली, पिळली तरी हसतच राहणारी बाहुली मुलींना मुकाट्याने सोसायला शिकवते, हा पहिला. आणि ज्या पुस्तकात डायना या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचे चित्रण अपमानास्पद आहे, त्यातून आयुष्याचे धडे घेऊच नयेत, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. जॉनी ग्रुएल या अमेरिकी चित्रकाराला १९१५ मध्ये या बाहुलीच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि १९१८ मध्ये तिच्या गोष्टींचे पुस्तक निघाले. पुढे बाहुली आणि पुस्तक एकमेकांच्या आधाराने घरोघरी पोहोचले. नुसती बाहुली हातात घेतली तर बुटांच्या गुंड्यांचे डोळे आणि रंगवलेले हसू एवढेच दिसते, आणि आपल्याला वाटले तसे वाटणे स्वाभाविक आहे. पुस्तकातली ॲन मात्र विचार करणारी आहे, इतका की डोक्याचे टाके उसवतील की काय, अशी चिंता करावी लागते. माणसे नसताना घरातल्या बाहुल्या बोलू-चालू लागतात, तेव्हा त्या तिच्याच तोंडाकडे पाहतात. फायडो हा घरचा कुत्रा पकडून नेला जातो, त्या वेळी हीच कापडी बाहुली इतरांना घेऊन रात्री घराबाहेर पडते आणि त्याला सोडवते. ज्यांना नुसते सोसायचे असते, ती पात्रे अशी खिडकीबाहेर पडत नाहीत. तिचा गोडवा दुबळेपणातून आलेला नाही, हे मला वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी या गोष्टीनेच समजावले आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

तिच्या फाटण्या-उसवण्याविषयीही माझे मत वेगळे आहे. माझ्या बाहुलीचा खांदा आजीने दोनदा शिवला, दुसऱ्या वेळी मिळेल त्या रंगाच्या दोऱ्याने. तो टाका लपला नाही, आणि त्यामुळे ती मला कमी आवडू लागली असेही झाले नाही. जे बिघडले ते टाकून न देता दुरुस्त करता येते, हा विश्वास मला त्या खांद्याने दिला. माणसांशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करताना तो मला कामी आला आहे.

दुसऱ्या आक्षेपात मात्र आपले म्हणणे खरे आहे. डायनाच्या तोंडी घातलेली मोडकी भाषा आणि तिचे चित्र त्या काळच्या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी साच्यातून आलेले आहे. कपड्यांबरोबर ॲनला धुऊन, यंत्रातून पिळून काढणारी बाई तीच. कापडी बाहुलीला काय वाटत असेल याची इतकी हळुवार दखल घेणारे पुस्तक, तिला धुणाऱ्या जिवंत बाईच्या मनाकडे पाहतही नाही, हे मला फार खटकते. तरीही पुस्तक बाजूला ठेवावे असे मला वाटत नाही. भाचीला वाचून दाखवताना मी ती पाने गाळत नाही. तिथे थांबते आणि या बाईला असे का रंगवले असेल, ते तिला विचारते. तिचे प्रश्न माझ्या स्पष्टीकरणापेक्षा पुष्कळदा नेमके असतात.

१९१८ची ती आवृत्ती आता अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहे. आपण फायडोची गोष्ट अवश्य वाचावी आणि त्यानंतरही आपला पहिला आक्षेप कायम असेल तर कारणांसह पुन्हा लिहावे. मी उत्तर देईन.